घरातील यंत्रे : होडीची मोटर मध्येच का थांबते?

पावसाळा सरून मांडवी-शापोऱ्याचे पाणी निवळले, की कोपऱ्यात गोणपाटाखाली निजलेली होडीची जुनी मोटर बाहेर निघते. दोरी ओढताच ती सुरू होते, मंडळी समाधान पावतात. आणि दहा-पंधरा मिनिटांनी नदीच्या मुखाशी, नेमक्या ओहोटीच्या वेळी, ती मंदावत गप्प होते. होडी मग समुद्राकडे ओढली जाते. म्हणून हा दोष धक्क्यापाशीच शोधावा.

पुष्कळ जण आधी प्लग बदलतात. परंतु विजेचा दोष बहुधा एकाएकी घात करतो; हळूहळू दम टाकणाऱ्या मोटरीत संशय प्रथम इंधनावर घ्यावा.

पहिली गोष्ट इतकी साधी, की सांगताना संकोच वाटतो : टाकीच्या झाकणावरील हवेचा स्क्रू उघडा आहे ना? तो बंद असल्यास पेट्रोल उपसले जाईल तसतशी टाकीत पोकळी वाढते आणि पेट्रोल येईनासे होते. झाकण सैल करताच सुस्कारा ऐकू आला, तर निदान झाले.

नंतर नळीतील रबरी फुगा. त्यावरील बाण मोटरीकडे हवा. काही वेळा दाबल्यावर तो कडक झाला पाहिजे. मऊच राहिला, तर टाकीकडून हवा शिरते आहे, फुग्यातील झडप निकामी आहे, किंवा कार्ब्युरेटरची सुई अडकून पेट्रोल बाहेर वाहते आहे. हे तिसरे कारण वासावरून कळते. मोटर चालू असता फुगा आत ओढला जाऊन चपटा दिसला, तर अडथळा त्याच्या मागे, टाकीच्या बाजूला आहे.

खरी कसोटी दोघांनी घ्यावी. होडी धक्क्याला घट्ट बांधून मोटर पाण्यातच चालवावी (कोरडी चालविल्यास थंडाव्याच्या पंपाचे रबर जळते). ती मंदावू लागताच एकाने फुगा दाबावा. तिने पुन्हा जोर धरला, तर इंधनपंपाचा पडदा ताठरला वा चिरला असावा, नाहीतर नळीच्या सांध्यांतून हवा जात असावी. सांधे आधी पाहावेत. त्याला खर्च नाही. फुगा कडक असूनही मोटर दम टाकत असेल, तर कार्ब्युरेटरचे जेट तुंबले असे समजावे. ते तारेने कोरू नये. छिद्र वाढले की पेट्रोलचे प्रमाण कायमचे बिघडते. द्रावणात भिजवून हवेच्या झोताने साफ करावे.

जुन्या मोटरींना एक नवे दुखणेही जडले आहे. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट देशाने २०२५ मध्ये गाठले. इथेनॉल दमट हवेतील पाणी शोषते. ते फार झाले, की दोन्ही मिळून पेट्रोलपासून फुटून तळाशी बसतात, आणि मोटरीची नळी तर तळातूनच ओढते! जुन्या रबरी नळ्याही त्याने आतून मऊ पडून झडू लागतात. टाकीच्या तळचे थोडे पेट्रोल काचेच्या बाटलीत घेऊन पाहावे. दोन थर दिसले, तर पावसाळ्यातला तो साठा वापरू नये.

हे सारे काम विडी-काडीपासून दूर, मोकळ्या हवेत करावे. पेट्रोलची वाफ हवेहून जड असल्याने होडीच्या तळाशी साचून राहते. दुरुस्तीनंतरची पहिली फेरी भरतीच्या वेळी, नदीच्या वरच्या अंगाला काढावी, आणि वल्ही व नांगर बरोबर ठेवावेत.