मृतांच्या नोंदी आणि जिवंतांचे हक्क

साठी ओलांडलेला माणूस वर्तमानपत्र हाती घेताच आधी निधनवार्ता वाचतो, असे आपल्याकडे थट्टेने म्हटले जाते. प्रस्तुत लेखकही त्याला अपवाद नाही. मात्र गेली काही वर्षे मी आजच्या निधनवार्तांपेक्षा पन्नास-साठ वर्षांपूर्वीच्याच अधिक वाचतो आहे. आमच्या गावच्या सार्वजनिक वाचनालयात स्थानिक दैनिकांच्या आणि साप्ताहिकांच्या जुन्या फायली बांधून ठेवल्या आहेत. आम्ही चार-पाच निवृत्त मंडळी आठवड्यातून दोन दुपारी तेथे बसतो आणि त्या फायलींतील निधनवार्तांची सूची तयार करतो. एका जुन्या सहकाऱ्याने यावर आक्षेप घेतला. तो म्हणाला, "वंशावळी हा सरंजामी नाद आहे. जन्मावरून माणसाची किंमत ठरू नये असे आयुष्यभर सांगणाऱ्यांनी वाडवडिलांच्या याद्या कशाला कराव्यात?" आक्षेप गंभीर आहे; म्हणून त्याचे उत्तर जाहीरपणे द्यावे, असे वाटले.

वंशावळ ही आपल्या समाजात एक प्रकारची मालमत्ता आहे आणि इतर मालमत्तेप्रमाणे तिचीही वाटणी विषम झालेली आहे. वतनदारांच्या आणि इनामदारांच्या वंशावळी लिहिल्या गेल्या, कारण वतनाच्या तंट्यात त्या दाखल कराव्या लागत. लेखणी ज्यांच्या हाती होती अशा घराण्यांनी विसाव्या शतकात आपले कुलवृत्तांत छापून घेतले. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत पिढ्यान्‌पिढ्यांची नावे सापडतात. पण ती ज्यांना यात्रा घडली त्यांची. कोल्हापूर-सांगली-बेळगाव भागात हेळवी बैलावर बसून दारी येत आणि घराण्यातील नावे वाचून दाखवीत. मोबदल्यात धान्य घेत. म्हणजे ज्याच्या खळ्यावर धान्य, त्याची वंशावळ. भूमिहीन मजूर, हमाल, गिरणीत गेलेला कामगार, पालावरचा माणूस यांनाही पूर्वज होतेच. त्यांच्याकडे कागद तेवढा नव्हता.

हा कागद नसण्याची किंमत आज रोकडी मोजावी लागते. जातीच्या दाखल्याच्या पडताळणीसाठी अर्जदाराला शपथपत्रावर वंशावळ द्यावी लागते. तिच्या आधाराला अनुसूचित जातींच्या बाबतीत १० ऑगस्ट १९५०, विमुक्त व भटक्या जमातींच्या बाबतीत २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गीयांच्या बाबतीत १३ ऑक्टोबर १९६७ या दिनांकांपूर्वीचे पुरावे मागितले जातात. २०२३ साली कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा शाळांची रजिस्टरे, महसुली दप्तरे आणि मोडीतील कागद धुंडाळण्यासाठी शासनाला समिती नेमावी लागली. गिरणी कामगारांच्या घरांच्या प्रश्नातही कामगार हयात नसेल तर वारसाला आपले नाते सिद्ध करावे लागते. वंशावळ सरंजामी असेल. पण ती मागतो आहे तो लोकशाही राज्याचा कारभार. मग ती शोधण्याची साधने गरिबाच्या हाती देणे हे कोणाचे काम?

एक अनुभव सांगतो. काही वर्षांपूर्वी एक मुलगी वडिलांसह वाचनालयात आली. तिचा अभियांत्रिकीचा प्रवेश पडताळणीवाचून अडला होता. आजोबा शाळेची पायरी चढले नव्हते. त्यांचे थोरले भाऊ चार यत्ता शिकले होते, पुढे बाजारात हमाली करीत, एवढेच घरात ठाऊक होते. कोणत्या गावी शिकले ते ठाऊक नव्हते. आमच्या सूचीत त्या भावाचे नाव निघाले. एका साप्ताहिकाच्या १९७१ सालच्या अंकात, आतल्या पानाच्या तळाशी, पाच ओळींची बातमी होती आणि तिच्यात 'मूळचे' या शब्दापुढे गावाचे नाव होते. त्या गावच्या प्राथमिक शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरात भावाची नोंद मिळाली. बातमी स्वतः पुरावा ठरली नाही. तिने पुराव्याचा पत्ता सांगितला. त्या वर्षीचा प्रवेश मात्र तोवर हुकला होता. ही सूची दहा वर्षे आधी झाली असती तर, हा विचार अजून मनातून जात नाही.

येथे कोणी म्हणेल की मृत्यूची नोंद सरकारदरबारी असतेच. जन्म व मृत्यू नोंदणी अधिनियम १९६९ चा आहे. त्याआधीच्या नोंदी ठिकठिकाणी वेगवेगळ्या पद्धतीने ठेवल्या गेल्या आणि त्या सर्वत्र सारख्या टिकलेल्या नाहीत. शिवाय सरकारी नोंद शोधायची तर मृत्यूचे साल आणि ठिकाण आधी माहीत असावे लागते. गरिबाच्या घरात नेमके तेच विस्मरणात गेलेले असते. निधनवार्ता ते सांगते आणि त्याखेरीज मूळ गाव, धंदा, भावांची व मुलांची नावे सांगते.

सूची करण्याचे काम साधे आहे, पण सरधोपट नाही. प्रत्येक व्यक्तीसाठी एक कार्ड: नाव, वडिलांचे किंवा पतीचे नाव, आडनाव, वय, मूळ गाव, व्यवसाय, उल्लेखिलेले नातेवाईक, अंकाचा दिनांक, पान व रकाना. 'काल सायंकाळी' असे छापले असेल तर अंकाच्या दिनांकावरून हिशेब करावा लागतो. कोठे नुसती तिथीच असते. वये साठ, पासष्ट, सत्तर अशी गोळाबेरीज केलेली असतात. त्यावरून जन्मसाल ठरवू नये. पाटील आणि कुलकर्णी ही मुळात वतनाची नावे. गावाच्या नावाशिवाय ती कार्डे निरुपयोगी. कित्येक जुन्या नोंदींत आडनावच नसते.

सर्वांत मोठी अडचण स्त्रियांची आहे. 'अमक्यांच्या मातोश्रींचे निधन' एवढेच छापलेले असते. त्या मातोश्रींना स्वतःचे नाव होते याची दखल बातमीदाराने घेतलेली नसते. 'पश्चात दोन मुलगे, तीन विवाहित मुली' असे वाक्य येते. मुलग्यांची नावे मिळतात, मुलींचा नुसता आकडा. म्हणून आम्ही नियम केला आहे की माहेरचे नाव कळले तर स्त्रीची दोन कार्डे करायची आणि नाव नसेल तर 'नाव दिलेले नाही' असे स्पष्ट लिहायचे. रिकामी जागा रिकामी म्हणून दाखवणे हासुद्धा इतिहासच आहे.

वर्गभेद तर पानावर उघड दिसतो. छायाचित्रासह चौकटीतील जाहिरात पैसे मोजून छापलेली असते. हमालाच्या वाट्याला तळाच्या पाच ओळी येतात, आणि बहुसंख्यांच्या वाट्याला तेवढ्याही येत नाहीत. सूची करणाऱ्याने चौकटीच तेवढ्या टिपल्या तर तो जुन्या कुलवृत्तांताचीच नवी आवृत्ती काढील. म्हणून बारीक टाइपातील मजकूर आधी, असा आमचा क्रम आहे. दोन पथ्येही आम्ही पाळतो. नोंदीत जात छापलेली नसेल तर आडनावावरून ती तर्काने लिहायची नाही. आणि अलीकडच्या वर्षांतील नोंदींचे पत्ते व मृत्यूचे कारण सूचीत घ्यायचे नाही. शोधणाऱ्याच्या सोयीसाठी हयात माणसांना उघडे पाडण्याचा अधिकार आम्हाला नाही.

वेळ थोडा आहे. वृत्तपत्राचा कागद मुळात हलका. तो पिवळा पडतो आणि पान उलटताना तुटतो. जागेच्या अडचणीपायी वाचनालयांतून फायली रद्दीत जातात, आणि जिल्ह्याच्या साप्ताहिकाची तीच एकमेव प्रत असू शकते. छायाप्रती काढून संगणकात साठवणे अवश्य व्हावे. पण सूचीवाचून तोही ढीगच राहतो. जुना, पुसट मराठी छापा यंत्राला अचूक वाचता येतोच असे नाही; अखेर माणसाला पडताळावेच लागते. आजच्या निधनवार्ता तर मोबाइलवर येतात आणि दुसऱ्या दिवशी दिसेनाशा होतात.

हे अशक्य कोटीतील नाही. शंकर गणेश दाते यांनी १८०० पासून १९५० पर्यंतच्या मराठी ग्रंथांची सूची केली, ती संगणक नसताना. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम १९६७ चा आहे आणि त्याखाली गावोगावच्या वाचनालयांना अनुदान मिळते. त्या अनुदानाच्या अटींत स्थानिक वृत्तपत्रांच्या फायली जपण्याची एक अट घालावी. महाविद्यालयांनी राष्ट्रीय सेवा योजनेच्या विद्यार्थ्यांना या कामाला जोडून द्यावे. निवृत्त शिक्षक, कारकून, ग्रंथपाल यांनी आठवड्यातील दोन दुपारी द्याव्यात.

जन्मावरून किंमत ठरू नये हे माझ्या सहकाऱ्याचे म्हणणे मला मान्यच आहे. पण जोवर राज्य पणजोबांचे नाव विचारते आहे, तोवर त्या प्रश्नाचे उत्तर वाड्यातल्या मुलाला घरच्या कपाटात सापडावे आणि हमालाच्या नातीने मात्र त्यापायी वर्ष गमवावे, ही विषमता आपण मुकाट्याने का सोसावी? त्या पाच ओळी आमच्या वाचनालयात होत्याच. त्या कोणत्या पानावर आहेत, एवढेच कोणीतरी लिहून ठेवायला हवे होते.