एका हंगामाची बोली

५ फेब्रुवारी २०२२ ला अँटिग्वात भारताच्या १९ वर्षांखालच्या संघाने इंग्लंडला हरवून विश्वचषक जिंकला आणि पुढच्याच आठवड्यात बंगळुरूत आयपीएलचा मोठा लिलाव भरला. त्यात आमच्या धाराशिव जिल्ह्यातल्या तुळजापूरच्या राजवर्धन हंगरगेकरचं नाव पुकारलं गेलं. मूळ किंमत ३० लाख. बोली चढत गेली आणि चेन्नई सुपर किंग्जने त्याला १ कोटी ५० लाखांना घेतलं, म्हणजे पाचपट भावाने. भाव कशावर ठरला? एका स्पर्धेवर. आयर्लंडविरुद्ध अखेरच्या षटकांत १७ चेंडूंत नाबाद ३९ धावा, आणि नव्या चेंडूने ताशी १४० किलोमीटरच्या आसपासचा वेग. एवढ्या पुराव्यावर संघमालकांनी दीड कोटीचा आकडा गाठला.

नोव्हेंबर २०२४ मध्ये जेद्दाहला पुढचा मोठा लिलाव झाला, तेव्हा याच हंगरगेकरला लखनौने ३० लाखांत घेतलं. तेव्हापासून आमच्याकडे चहाच्या टपरीवरसुद्धा एक वाक्य ऐकू येतं: पोराचा भाव उतरला. मला हे वाक्य मनापासून खटकतं. मधल्या तीन हंगामांत त्या मुलाला मैदानावर किती वेळ मिळाला, हे न विचारता ते बोललं जातं. २०२२ चा अख्खा हंगाम तो बाकावर बसून होता. ३१ मार्च २०२३ ला अहमदाबादेत गुजरातविरुद्ध तो पहिल्यांदा उतरला आणि ३६ धावांत ३ बळी घेतले. त्या हंगामात त्याच्या वाट्याला दोनच सामने आले. २०२४ मध्ये एकही नाही. खेळला नाही त्याचं मोजमाप कोणत्या फूटपट्टीने करायचं?

चेन्नईवर ठपका ठेवायचा माझा हेतू नाही. उलट त्या संघाने त्याला तीन हंगाम ठेवून घेतलं आणि दर हंगामाला दीड कोटीचा करार पाळला. दुष्काळी जिल्ह्यातल्या, करोनाच्या साथीत वडील गमावलेल्या मुलाच्या घरासाठी ही रक्कम केवढी मोठी आहे, हे इथल्या माणसाला समजावून सांगायला नको. रणजी खेळणाऱ्या नवख्या खेळाडूला सामन्याच्या दिवसाला ४० हजार मिळतात. चार दिवसांच्या सामन्याचे १ लाख ६० हजार, साखळीतले सातही सामने खेळला तर ११ लाखांच्या आसपास. त्यापुढे दीड कोटी. हा पैसा त्याला मिळाला ते योग्यच झालं. माझं भांडण आकड्याशी नाहीच. एका चमकदार हंगामानंतर आपण फक्त आकडा ठरवतो आणि तिथेच थांबतो, हे चुकतं. किती वर्षं देणार, कोणत्या कामाचे देणार, आणि ते काम करायची संधी किती देणार, याची बोलणी कुणी करत नाही.

आयपीएलचा करार कसा असतो ते पाहा. लिलावात घेतलेल्या खेळाडूशी करार एका हंगामाचा होतो आणि पुढच्या दोन हंगामांसाठी त्याच पैशात ठेवायचा की सोडायचा, हा हक्क संघाकडे राहतो. खेळाडू फसला तर संघ त्याला सोडू शकतो. खेळाडू गाजला तर संघ त्याला जुन्याच भावात ठेवू शकतो. दोन्ही बाजूंनी पारडं एकीकडेच झुकतं. याचं सगळ्यात ठसठशीत उदाहरण अलीगढचा रिंकू सिंह. २०२२ च्या लिलावात कोलकात्याने त्याला ५५ लाखांत घेतलं. ९ एप्रिल २०२३ ला अहमदाबादेत यश दयालच्या शेवटच्या षटकात त्याने ओळीने पाच षटकार मारून हरलेला सामना जिंकून दिला. त्या हंगामात ४७४ धावा केल्या, भारतीय संघात जागा मिळवली. आणि २०२४ मध्ये त्याला मिळाले तेच ५५ लाख! दरम्यान ज्याला ते पाच षटकार बसले त्या यश दयालला गुजरातने सोडलं, आणि लिलावात बंगळुरूने ५ कोटींना घेतलं. सोडलं गेल्यामुळे तो बाजारात आला आणि त्याचा भाव वाढला. गाजल्यामुळे रिंकू बाजारात येऊच शकला नाही. २०२४ चा हंगाम रिंकूला तसा बेताचाच गेला, आणि त्यानंतर कोलकात्याने त्याला १३ कोटींना राखलं. म्हणजे गाजलेल्या वर्षाचे पैसे दीड वर्षाने, बेताच्या वर्षानंतर हातात आले. मधल्या काळात गुडघा गेला असता तर? ते १३ कोटी कुणी दिले असते?

अमेरिकेतल्या फुटबॉलमध्ये हीच गोष्ट आणखी मोठ्या आकड्यांत घडते. तिथे क्वार्टरबॅक म्हणजे ज्याच्या हातून संघाची प्रत्येक चाल सुरू होते तो खेळाडू, त्यामुळे त्याचा भाव सगळ्यात चढा. न्यूयॉर्क जायंट्सच्या डॅनियल जोन्सला २०२२ चा एक हंगाम चांगला गेला. मार्च २०२३ मध्ये संघाने त्याच्याशी चार वर्षांचा, १६ कोटी डॉलरचा करार केला. त्याच वर्षी त्याच्या गुडघ्याचा अस्थिबंध तुटला आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये संघाने त्याला सोडून दिलं. दुसऱ्या टोकाला सॅन फ्रान्सिस्कोचा ब्रॉक पर्डी. २०२२ मध्ये नव्या खेळाडूंच्या निवडीत सगळ्यांत शेवटी, २६२ व्या क्रमांकाला घेतलेला. त्याने संघाला फेब्रुवारी २०२४ च्या अंतिम सामन्यापर्यंत नेलं, तेव्हा त्याचा वर्षाचा पगार १० लाख डॉलरच्याही आत होता. नवखेपणीच्या कराराचे नियमच तसे. मे २०२५ मध्ये मात्र त्याला पाच वर्षांचे २६ कोटी ५० लाख डॉलर ठरले. एकाला संघाने लवकर दिलं, दुसऱ्याला उशिरा. तरी तिकडची एक गोष्ट आपण घ्यावी असं मला वाटतं. जोन्सच्या १६ कोटींपैकी जवळपास निम्मी रक्कम हमीची होती. दुखापत झाली, संघाने सोडलं, तरी ती त्याचीच. कराराच्या बोलणीत तिकडे एकूण आकड्याआधी विचारतात, यातले हमीचे किती.

आता आपल्या जिल्ह्यातल्या दुसऱ्या खेळाकडे येतो. धाराशिवची देशात जी ओळख आहे ती क्रिकेटपेक्षा खो-खोची जास्त आहे. चंद्रजित जाधव यांच्यासारख्या प्रशिक्षकांनी इथल्या मैदानावर मुलींची पिढी घडवली. त्यातल्या सारिका काळे २०१६ च्या गुवाहाटीच्या दक्षिण आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकणाऱ्या भारतीय संघाच्या कर्णधार होत्या. २०२० मध्ये त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला, खो-खोला तो तब्बल २२ वर्षांनी मिळाला. घरच्या गरिबीमुळे कित्येक वर्षं एका वेळच्या जेवणावर काढल्याचं त्यांनी स्वतःच सांगितलेलं आहे. पुरस्कार जाहीर झाला तेव्हा त्या तुळजापूरला क्रीडा अधिकारी म्हणून काम करत होत्या. हंगरगेकरचं गाव आणि त्यांचं कार्यक्षेत्र एकाच तालुक्यात. एकाची किंमत लिलावात ठरली, दुसरीची सरकारी नेमणुकीत. आणि मला विचाराल तर खेळाडूसाठी नेमणुकीतला एक गुण दीड कोटीतही नाही: पुढच्या वर्षी खेळ कसा होईल यावर ती अवलंबून नसते. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात पगार येतो आणि अंगातला वेग उतरला तरी येत राहतो.

पण खो-खोत मधला टप्पा रिकामा आहे, आणि माझं खरं दुखणं तिथे आहे. १९ जानेवारी २०२५ ला दिल्लीत पहिल्या खो-खो विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात भारताच्या मुलींनी नेपाळला ७८-४० असं हरवलं. कर्णधार होती प्रियांका इंगळे, आणि संघात आपल्या धाराशिवची अश्विनी शिंदे होती. महाराष्ट्र सरकारने राज्यातल्या विजेत्या खेळाडूंना प्रत्येकी २ कोटी २५ लाख जाहीर केले, शिवाय सरकारी नोकरी. त्याच वेळी कर्नाटकाने आपल्या दोन विजेत्यांना ५ लाख देऊ केले. त्यातली चैत्रा ही मुलींच्या अंतिम सामन्यातली सर्वोत्कृष्ट खेळाडू. तिने आणि मुलांच्या संघातल्या एम. के. गौतमने महाराष्ट्राकडे बोट दाखवून ते ५ लाख नाकारले. एकाच संघातून, एकाच मॅटवर, एकाच दिवशी खेळलेल्या दोन मुली, एकीच्या खेळाची किंमत दुसरीच्या ४५ पट. फरक फक्त रहिवासाच्या दाखल्याचा.

आपल्या सरकारचा निर्णय चांगला होता आणि त्याचं मी मनापासून स्वागत करतो. पण अंतिम सामन्याच्या आदल्या दिवशी, १८ जानेवारीला, अश्विनीच्या खेळाची किंमत काय होती? कुठल्याही बाजारात तिला भाव नव्हता, कारण बाजारच नव्हता. अल्टिमेट खो-खो ही व्यावसायिक लीग २०२२ मध्ये पुण्याच्या बालेवाडीत सुरू झाली. पहिल्या हंगामात खेळाडूंचे चार गट केले होते: अ गटाला ५ लाख, मग ३ लाख, दीड लाख आणि १ लाख. माळशिरस तालुक्यातल्या वेळापूरचा रामजी कश्यप त्याच लीगमधून घराघरांत पोहोचला. रक्कम छोटी असेल, पण गाव सोडून खेळावर जगता येईल असं मुलांना पहिल्यांदा वाटलं. मात्र पहिले दोन्ही हंगाम फक्त पुरुषांचे झाले. मुलींसाठी वाट एकच: शाळेचं मैदान, जिल्हा, राज्य, राष्ट्रीय, आणि मग वर्षानुवर्षं काहीच नाही, आणि अचानक एके दिवशी सव्वा दोन कोटी.

या अधल्यामधल्या वर्षांत काय होतं ते जिल्ह्यातल्या कुठल्याही क्रीडाशिक्षकाला विचारा. मुलगी चौदाव्या-पंधराव्या वर्षी चमकते. पळतीत दोन-तीन मिनिटं हाती लागत नाही, खांबावर सूर मारून गडी बाद करते. पेपरात फोटो येतो, सत्कार होतो, शाल मिळते. तिचा हंगाम तोच. त्यानंतर घरात विचार सुरू होतो: बारावीनंतर पुढे काय? बूट, प्रवास, दूध-अंड्यांचा खर्च कुणी करायचा? सोयाबीनला भाव नाही, पाऊस लांबला, धाकट्या भावाची फी भरायची आहे. ज्या मुलीला त्या वर्षी महिन्याला काही हजारांचा आधार मिळाला असता, ती विसाव्या वर्षी राज्याच्या संघात असती. ती सासरी गेलेली असते. पदकावर कोटी देणारं राज्य तिथपर्यंत पोहोचलेल्यांनाच देतं, आणि मधेच गळालेल्यांचा हिशेब कुठे लिहिलेलाच नसतो.

क्रिकेट मंडळाने २०२४ मध्ये एक चांगलं पाऊल उचललं. २०२५ च्या हंगामापासून आयपीएलच्या प्रत्येक सामन्यासाठी खेळाडूला साडेसात लाख रुपये मानधन, लिलावातल्या रकमेवर वेगळं. ३० लाखांचा खेळाडू साखळीतले चौदाही सामने खेळला तर त्याला १ कोटी ५ लाख जास्तीचे मिळतात. स्वस्तात घेतलेला पोरगा गाजला, तर निदान त्याच वर्षी त्याला त्याचं काही तरी मिळतं, पुढच्या लिलावाची वाट पाहावी लागत नाही. हीच रीत पुढे न्यायला हवी. ज्याने भारतासाठी सामना खेळलेला नाही, अशा खेळाडूला लिलावात मूळ किमतीच्या तिप्पट किंवा जास्त भाव लागला, तर त्याचा करार किमान दोन हंगामांच्या हमीचा असावा. संघाला एवढी बोली लावायची खात्री असेल, तर दोन वर्षांची खात्री द्यायलाही हरकत नसावी. यामुळे बोली थोडी खाली येईल. येऊ दे. एकोणीस वर्षांच्या वेगवान गोलंदाजाच्या पाठीवर दीड कोटीचा एक वर्षाचा भार टाकण्यापेक्षा एक कोटीची दोन वर्षं टाकलेली बरी. पहिल्या दिवसापासून किंमत वसूल करून दाखवायच्या घाईत अशा गोलंदाजांच्या पाठी जातात.

आणि खो-खोसाठी मागणी माझी राज्य सरकारकडे आहे, कारण मुलींच्या खेळाला आज दुसरा खरेदीदार नाही. सव्वा दोन कोटी जिथे आहेत तिथे राहू द्या, त्यातला एक रुपयाही कमी करू नका. पण राष्ट्रीय कुमार स्पर्धेत ज्या मुलींचा हंगाम गाजला, त्यांना त्याच वर्षापासून पाच वर्षं महिना ५० हजार रुपये द्या. एका मुलीचे पाच वर्षांचे ३० लाख होतात. एका विजेतीला दिलेल्या रकमेत अशा सात मुलींची पाच-पाच वर्षं निघतात. दुसऱ्या वर्षी खेळ थोडा उतरला म्हणून पैसे बंद करू नका. पंधरा-सोळाव्या वर्षी अंग वाढतं, उंची बदलते, पळतीची लय बिघडते आणि पुन्हा येते, हे प्रशिक्षकांना माहीत असतं. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेचा विमा त्यात धरा. निवड जिल्हा आणि राज्य संघटनेच्या कागदावर न सोडता, स्पर्धेतल्या नोंदींवरून करा: किती मिनिटं पळाली, किती गडी बाद केले. हे आकडे प्रत्येक सामन्याच्या गुणपत्रकात आधीपासून लिहिलेले असतात. पुढच्या अर्थसंकल्पात क्रीडा खात्याने एका जिल्ह्यापासून सुरुवात करावी. तो जिल्हा धाराशिव असावा, कारण अश्विनीच्या मागे उभ्या असलेल्या मुली आज संध्याकाळीही इथल्या मैदानावर सराव करत आहेत, आणि त्यांच्यापैकी कुणाचा हंगाम यंदाच आहे.