रक्त तपासायचं तर सगळ्यांचं तपासा

गावकऱ्यांनो,

गावात घरफोडी झाली. कुलूप कोणी तोडलं ते कोणी पाहिलं नव्हतं, तरी रात्री दोनला जीप गेली ती थेट माळावरच्या फासेपारध्यांच्या पालांवर. सकाळी आम्ही पोचलो तेव्हा चूल उधळलेली, सांडलेल्या पिठात बुटांचे ठसे, आणि दोन पोरं उचलून नेलेली. पंधरवड्यानं चोर सापडला, घरमालकाचाच सख्खा भाचा. त्याच्या घराण्याच्या रक्ताबद्दल पारावर अजून कोणी चकार शब्द काढलेला नाही.

मारहाण, खोट्या केसेस हे तुम्हाला सांगायला नको. आमचं भांडण एका वाक्याशी आहे: "त्यांच्या रक्तातच आहे." हल्ली शिकलेली मंडळी रक्ताऐवजी 'जीन्स' म्हणतात. मोबाइलवर वाचलेलं असतं.

वाचलंय ना, मग पुरतं वाचा. 1993 साली नेदरलँड्समधल्या एका कुटुंबातल्या काही हिंसक पुरुषांत एमएओए नावाच्या जनुकात बिघाड सापडला. एका कुटुंबात! जमातीत नव्हे. त्याच जनुकाचा मंद प्रकार तिकडे साधारण दर तिसऱ्या पुरुषात असतो. 2002 साली न्यूझीलंडमधल्या मुलांच्या अभ्यासात त्याचा परिणाम दिसला, तो मुख्यतः लहानपणी ज्यांचे हाल झाले त्यांच्यात. आता रात्री दोनला पालातल्या लेकरांचे हाल कोण करतं, ते सांगा.

जन्मावरूनच गुन्हेगार ओळखायचा तर सोपी खूण आहे. देशातल्या तुरुंगांत शंभरातले 95 हून जास्त कैदी पुरुष. म्हणजे दोष वाय गुणसूत्राचा! चला, उद्यापासून वाड्यातल्या, बंगल्यातल्या सगळ्या पुरुषांनी रोज रात्री ठाण्यावर हजेरी लावावी.

हसू नका. 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्यानं जमातीच्या जमाती अशाच जन्मतः गुन्हेगार ठरवल्या. सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये माणसं तारेच्या कुंपणात ठेवली. देश 15 ऑगस्ट 1947 ला सुटला. या जमाती सुटल्या 31 ऑगस्ट 1952 ला, पाच वर्षं सोळा दिवसांनी. 1959 साली मुंबई राज्यानं सराईत गुन्हेगारांचा कायदा केला. पाटी बदलली, नजर तीच.

"मग ते शिकत का नाहीत?" हे ऐकलं की तळपायाची आग मस्तकात जाते. शिकायला सवलत हवी तर जातीचा दाखला लागतो, आणि त्या दाखल्याला 1950 च्या आधीचा पुरावा मागतात. पालाला सातबारा असतो का? त्या काळचा यांच्या आज्याचा सरकारी कागद असलाच तर एकच, ठाण्यावरच्या सक्तीच्या हजेरीचं रजिस्टर. तेवढं ठाण्यातून काढून द्या, अर्जाला जोडतो.