पडद्यासमोरचं दार

“घरात उजेड फार येतो का? मग डोळे झाकून मॅट घ्या.” नांदेडला वजिराबादेत ताईबरोबर टीव्ही बघत फिरलो तेव्हा हे वाक्य तीन दुकानांत ऐकलं. पुढच्या वर्षी लातूरला गंजगोलाईच्या आसपास स्वतःसाठी फिरलो, तिथंही तेच. ताईचा मुलगा इंजिनियरिंगला आहे. त्याचं मत अगदी उलटं. “मामा, मॅट म्हणजे पैसे मोजून घेतलेला मोतीबिंदू. ग्लॉसीच घ्या आणि खिडकीला पडदे लावा.” मॅट म्हणजे खरबरीत पडदा, ग्लॉसी म्हणजे चकचकीत. दुकानदार आणि भाचा, दोघांचंही मला पटत नाही. खोलीत उजेड किती, यावर दोघांचा वाद चालतो. मला वाटतं, तो प्रश्नच चुकला आहे. टीव्हीच्या पडद्यासमोर काय आहे, हे विचारायला हवं.

समोरच्याचं म्हणणं आधी त्याच्या बाजूनं नीट मांडावं आणि मगच खोडावं, ही आपल्याकडच्या वादाची जुनी शिस्त. तेव्हा मॅटवाल्यांची बाजू आधी सांगतो. त्यांचा सगळ्यात भक्कम पुरावा कुठल्याही शोरूममध्ये सापडणार नाही, तो जिल्हा परिषदेच्या शाळेत आहे. आम्ही फळा काळा करायला जुन्या सेलमधला कोळसा कुटायचो, पाल्याच्या रसात कालवायचो आणि फडक्यानं फासायचो. तो फळा खरबरीत व्हायचा आणि कुठल्याही बाकावरून वाचता यायचा. एका वर्षी कुणीतरी हौसेनं ऑइलपेंट दिला. फळा देखणा झाला, पण खिडकीच्या बाजूची पोरं रोज ओरडायची, “गुरुजी, फळा चमकायलाय!” गुळगुळीत पृष्ठभाग उजेड एकाच दिशेला परतवतो आणि त्या दिशेला बसलेल्याच्या डोळ्यांत तो नेमका जातो. खरबरीत पृष्ठभाग तोच उजेड मोडून चहूकडं उधळतो. वर्गात साठ पोरं साठ कोनांतून बघतात, तिथं मॅटला पर्याय नाही. लातूरच्या क्लासेसमध्ये आता फळ्याच्या जागी मोठे डिजिटल पॅनल आलेत. त्यांच्या काचाही बहुतेक खरबरीतच केलेल्या असतात, आणि ते बरोबरच आहे.

इथवर मान्य. पण फळ्याचा न्याय दिवाणखान्याला जसाच्या तसा लावता येत नाही. मॅट पडदा उजेड गिळत नाही, पसरवतो. पसरलेला उजेड जातो कुठं? चित्रावरच. पडणारा उजेड लक्समध्ये मोजतात, पडद्याची चमक निटमध्ये. समजा खोलीत ३०० लक्स उजेड आहे आणि पडदा त्यातला फक्त १ टक्का चहूकडं विखुरतो. तेवढ्यानंही पडद्यावर सगळीकडं साधारण १ निटचा पांढुरका थर बसतो. ओएलईडी पडद्याचं मोल त्याच्या काळ्या रंगात असतं, तिथला काळा म्हणजे शून्य. त्या शून्यावर हा थर चढला की काळ्या साडीवर पीठ उडाल्यासारखं दिसतं. रात्री दिवे मालवले की तक्रार उरत नाही, कारण विखुरायला उजेडच नसतो. भर दुपारी डोळाही उजेडाला सरावलेला असतो. खरं नुकसान होतं ते संध्याकाळी, दोन ट्यूब चालू असताना, म्हणजे नेमकं घरातले सगळे जेवून टीव्हीसमोर बसतात तेव्हा.

ताईच्या घरी हेच झालं. तिच्या फ्लॅटमध्ये गॅलरी टीव्हीच्या डाव्या हाताला आहे. समोर सोफा, त्यामागं गडद तपकिरी कपाट. खोली उजेडाची, यात शंका नाही. पण पडद्यात गॅलरी दिसतच नव्हती, दिसलं असतं ते कपाट. चकचकीत पडद्यात गडद कपाटाचं प्रतिबिंब पडलं असतं आणि कुणाच्या लक्षातही आलं नसतं. उजेडाची खोली हे दोनच शब्द ऐकून दुकानदारानं तिला जास्तीचे पैसे घेऊन मॅट दिला. आता बाजूनं येणारा गॅलरीचा आणि संध्याकाळी ट्यूबचा उजेड त्या खरबरीत पडद्यावर पसरतो आणि सिनेमातली रात्र करडी दिसते. दुकानदारानं फसवलं असं मी म्हणत नाही. त्यानं चुकीचा प्रश्न विचारला.

चकचकीत म्हणजे नुसती उघडी काच, असंही नाही. साध्या काचेच्या एका पृष्ठभागावरून सुमारे ४ टक्के उजेड परततो. १९३८ मध्ये अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकच्या प्रयोगशाळेत कॅथरिन ब्लॉजेट यांनी काचेवर एकेका रेणूच्या जाडीचे ४४ थर चढवले. त्या लेपाची जाडी प्रकाशाच्या तरंगलांबीच्या चौथ्या हिश्श्याएवढी भरली. लेपाच्या वरून आणि खालून परतणाऱ्या लाटा एकमेकींना मारतात आणि चकाकी जवळपास नाहीशी होते. आज चांगल्या चकचकीत टीव्हीवरचा लेप याच तत्त्वावर चालतो. तो उजेड पसरवत नाही, मुळात परतवतोच कमी. काळा काळाच राहतो. चांगल्या मॅट पडद्यातही असा लेप असतो आणि वर खरबरीतपणा असतो. म्हणजे आपण निवडतो ते एवढंच, की उरलेला उजेड आरशासारखा एका जागी पडू द्यायचा की पीठ भुरभुरल्यासारखा सगळीकडं.

आता भाच्याकडं वळतो. त्याचं म्हणणं मला दुकानदारापेक्षा जास्त टोचतं, कारण ते आपल्या घरांकडं पाठ फिरवून केलेलं आहे. “पडदे लावा” म्हणणं सोपं आहे. आमच्या गावाकडचं जुनं घर माळवदाचं होतं. हातभर जाडीच्या दगडमातीच्या भिंती, खिडकी जवळजवळ नाहीच, उजेड छतातल्या साण्यातून येईल तेवढा. तिथं पहिला टीव्ही आला, तो फुगीर काचेचा आणि लखलखीत. तरी चकाकीची तक्रार कुणी केल्याचं आठवत नाही, कारण खोलीत चकाकायला काही नव्हतंच. मग ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आली. किल्लारीच्या भूकंपात त्याच जाड भिंती आणि तीच मातीची छतं माणसांच्या अंगावर आली. त्यानंतर लातूर-उस्मानाबादकडं माणसं माळवदाला भ्याली. नवी गावं वसली, सिमेंटची घरं झाली, भिंती पातळ झाल्या, खिडक्या मोठ्या झाल्या. या घरांतला उजेड हौसेनं आलेला नाही, त्यामागं मरणाची आठवण आहे. त्या घरात राहणाऱ्याला टीव्हीसाठी अंधार करा म्हणून सांगणं माझ्या जिवावर येतं.

शिवाय आमच्याकडं पुढचं दार दिवसभर उघडं असतं. शेजारी डोकावतात, दूधवाला येतो, वारा येतो. उन्हाळ्यात वीज गेली तर दार हाच पंखा. आणि टीव्ही नेमका दाराच्या समोरच्या भिंतीवर, कारण आल्यागेल्याला तो दिसला पाहिजे. हिशेब करून बघा. गल्लीपलीकडच्या घराची पांढरी भिंत उन्हात आहे. तिच्यावर ५० हजार लक्स उजेड पडला, तर तिची चमक १० हजार निटच्या पुढं जाते. लेप नसलेल्या चकचकीत पडद्यानं त्यातला ४ टक्के परतवला, तरी ४०० निट होतात. आपला साधा एलईडी टीव्ही स्वतः २५० ते ३०० निट देतो. म्हणजे चित्रापेक्षा दार उजळ! चांगल्या लेपानं हे १ टक्क्यावर आणलं, तरी १०० निटचं दार पडद्यात उभंच, चौकटीसकट. जास्त उजळ टीव्ही घेऊनही ते जात नाही. दाराला आकार असतो, त्यातून माणसं ये-जा करतात आणि डोळा पुन्हा पुन्हा तिकडं ओढला जातो. मॅटवर त्या दाराचा आकार मोडतो, एक फिकट ढग उरतो. ढगाला डोळा सरावतो, हलणाऱ्या माणसाला सरावत नाही.

गुढीपाडव्याला घेतलेला टीव्ही तेव्हा ठीक वाटतो आणि मार्गशीर्षात दिसेनासा होतो, त्याचंही कारण आहे. लातूरला मे महिन्याच्या मध्याला दुपारचा सूर्य बरोबर डोक्यावर असतो, ऊन छज्ज्यावरच अडतं. डिसेंबरच्या शेवटी तोच सूर्य दुपारी बारा-साडेबाराला क्षितिजापासून जेमतेम ४८ अंशांवर असतो. दक्षिणेच्या दाराची चौकट सात फूट उंच असेल आणि वर छज्जा नसेल, तर ऊन सहा फूट आत येतं. म्हणून एका ऋतूत टीव्हीची जागा ठरवू नये.

आणि मोतीबिंदू. ही उपमा भाच्यानं गमतीत दिली, पण आमच्या घरातल्या अण्णांच्या एका डोळ्याचं ऑपरेशन झालंय, दुसऱ्याचं बाकी आहे. मोतीबिंदू झालेल्या डोळ्याच्या भिंगातच उजेड विखुरतो. अशा माणसाला एका जागी पडलेली झगझगीत तिरीप सगळं चित्र पुसून टाकते. आपल्याला जी नुसती चमक वाटते, ती त्याला पांढरी भिंत असते. आपल्याकडचा कसोटीचा सामना बहुधा सकाळी साडेनऊला सुरू होतो आणि अण्णा तेव्हापासून बसतात. जुन्या टीव्हीपुढं एकदा वैतागून म्हणाले, “नुसतं दारच दिसायलंय की रं ह्यात.” त्यांच्यासाठी मॅट म्हणजे मोतीबिंदू नव्हे, मोतीबिंदूवरचा उतारा आहे.

मग कंपन्या काय म्हणतात? त्यांचंही एकमत नाही. सॅमसंगनं २०२२ पासून ‘द फ्रेम’ या टीव्हीला मॅट पडदा दिला, तो भिंतीवरच्या चित्रासारखा दिसावा म्हणून. २०२४ मध्ये आपल्या एस ९५ डी या ओएलईडीलाही दिला. एलजीनं त्याच वर्षी आपले वरचे ओएलईडी चकचकीतच ठेवले. दोघांकडंही जाणकार माणसं आहेत. त्यांना तुमचं दार माहीत नाही, एवढंच.

एक गोष्ट मात्र दोन्ही पक्षांनी मिळून थांबवायला हवी. पोरांचा चेंडू लागू नये म्हणून टीव्हीपुढं ॲक्रिलिकचा पारदर्शक पत्रा टांगायची पद्धत आपल्याकडं फार आहे. त्या पत्र्याला पुढची आणि मागची अशा दोन गुळगुळीत बाजू असतात. एकेकीवरून ४ टक्के, मिळून सुमारे ८ टक्के उजेड परततो. मॅटचे जास्तीचे पैसे मोजायचे आणि त्यापुढं स्वतःच्या हातानं आरसा टांगायचा, हे मी लातूरच्या दोन घरांत पाहिलं.

मी म्हणतो तो उपाय बिनखर्चाचा आहे. घरातला आरसा काढा. टीव्ही जिथं लागणार त्या भिंतीवर, त्याच उंचीला धरायला कुणाला तरी सांगा आणि स्वतः नेहमीच्या जागी बसा. सकाळी साडेनऊला, दुपारी एकला आणि चारला, असं तीनदा बघा. आरशात भिंत, कपाट, जिन्याखालचा काळोख दिसला, तर खोली कितीही उजेडाची असो, चांगल्या लेपाचा चकचकीत पडदा घ्या. उघडं दार किंवा खिडकी दिसली, तर आधी आरसा शेजारच्या भिंतीवर नेऊन बघा. बऱ्याच घरांत एवढ्यानंच प्रश्न सुटतो आणि मॅटचे पैसे वाचतात. दुसरी भिंतच नसेल आणि दार बंद करणं शक्य नसेल, किंवा माणसं खोलीभर पसरून बसत असतील, तर मॅटच घ्या आणि काळा रंग थोडा करडा झाला म्हणून हळहळू नका. दुकानात टीव्ही बंद करायला सांगा आणि मोबाइलची बॅटरी त्यावर मारा. टोकदार ठिपका दिसला तर चकचकीत, फिस्कटलेला पांढरा गोळा दिसला तर मॅट. मधलेही पुष्कळ असतात. साध्या एलईडींपैकी अनेकांचे पडदे मुळातच थोडे खरबरीत असतात, त्यामुळं मॅटसाठी महागातलाच घ्यावा लागतो असं नाही. पुसायला नुसतं कोरडं मऊ कापड वापरा. काच पुसायचं औषध फवारलं तर लेप जाऊ शकतो.

ताईच्या घरी आता तो टीव्ही आहे तसाच आहे, बदलणं परवडणारं नाही. एक ट्यूब तेवढी संध्याकाळी बंद ठेवतात. लातूरला मी आरसा धरला तेव्हा तिन्ही वेळा दारच दिसलं. शेजारच्या भिंतीवर देवघर, पलीकडं जिना. मग मॅट घेतला, त्रेचाळीस इंची. दार आधीसारखंच उघडं असतं. पूर्वी उंबऱ्यावर कोण उभं आहे ते अण्णांना टीव्हीतच दिसायचं आणि ते तसेच पाठमोरे “या की” म्हणायचे. आता कोण आलं ते बघायला त्यांना मान वळवावी लागते.