न मागता मिळालेले

‘रेडिओ आता ऐकतो कोण?’ असे स्टाफरूमपासून कॅन्टीनपर्यंत सगळेच विचारतात. आमचे काही प्राध्यापक ‘पुन्हा प्रपंच’च्या आठवणी रंगवून सांगतात आणि घरी जाऊन मोबाईलवर क्रिकेट पाहतात (त्यांनी राग मानू नये). आम्ही विद्यार्थी आठवणीही काढीत नाही. मला वाटते, दिवसभरात रेडिओवर काय काय लागते आणि ते कोणाच्या कानावर पडते, हे आधी विचारायला हवे.

आमच्या घरी पुस्तके नव्हती. आण्णांच्या शिवणकामाच्या दुकानात रेडिओ होता, अजून आहे, आणि त्यावर सांगली केंद्र. आण्णा सातवी शिकलेले. हात कापडावर, पाय मशीनवर. त्यामुळे लागलेला कार्यक्रम बदलायला ते उठत नाहीत. सकाळी भक्तिगीते, बातम्या; दुपारी बायकांसाठी काही; संध्याकाळी शेतकऱ्यांना सल्ला; मग एखादे भाषण, नाट्यगीत, शास्त्रीय गायन. आमची गुंठाभर जमीन नाही, तरी उसाला हुमणी लागली तर काय करावे हे आण्णा गिऱ्हाइकाला सांगतात! गायनाआधी निवेदिका रागाचे नाव सांगते, तबल्यावर कोण, पेटीवर कोण तेही सांगते. विविध भारतीवर गाण्याबरोबर गीतकार-संगीतकारांची नावे येतात. ही रीत आण्णांना फार पटते. म्हणतात, “काजं-बटनं करणाऱ्याचं नाव कोण घेतंय रं?”

यमन हा शब्द मी कोणत्याही वर्गात शिकलो नाही. तो शर्टाच्या कॉलरबरोबर माझ्या घरात आला. ज्यांच्या घरी आजोबांपासून ग्रंथसंग्रह आहे, त्यांना याचे मोल कळेलच असे नाही. मोबाईल आपल्याला आवडलेलेच पुन्हा पुन्हा पुढे करतो. ज्याने यमन कधी ऐकलाच नाही, तो यमन मागणार कसा?

अर्थात, चांगले म्हणून लोकांच्या गळी उतरवावे, असे माझे म्हणणे नाही. तो प्रयोग होऊन गेला आहे. १९५२ साली नभोवाणीमंत्री झालेले बा. वि. केसकर हे मराठी गृहस्थ शास्त्रीय संगीताचे कैवारी. त्यांच्या धोरणामुळे चित्रपटगीते आकाशवाणीवरून जवळजवळ हद्दपार झाली. श्रोत्यांनी सरळ रेडिओ सिलोन लावला आणि अमीन सयानींची ‘बिनाका गीतमाला’ घरोघरी पोचली. शेवटी ३ ऑक्टोबर १९५७ रोजी विविध भारती सुरू करावी लागली. केसकरांचा हेतू मला वाईट वाटत नाही, पण लोकांना शाळकरी पोरे समजणे वाईट होते. त्याच काळात, १९५५-५६ मध्ये, पुणे केंद्राने माडगूळकर-फडक्यांचे ‘गीतरामायण’ आठवड्याला एक गीत याप्रमाणे ऐकवले, तेव्हा कोणावर सक्ती करावी लागली नव्हती.

आकाशवाणीचे दोषही आहेत. आणीबाणीत ती सरकारची वाणी झाली होती. १९९७ मध्ये प्रसार भारती आली, तरी बातम्यांतला सरकारी सूर काही गेला नाही. ‘पर्जन्यमान’ म्हणजे पाऊसच ना, असे आई अजून विचारते. पण दोष आहेत म्हणून दिवाच मालवायचा का? रात्रभर चालणारी राष्ट्रीय वाहिनी बंद करण्याचा निर्णय डिसेंबर २०१८ मध्ये झाला, आमच्याकडे कोणी हूं की चूं केले नाही. जून २०२३ मध्ये पुण्याचा प्रादेशिक वृत्तविभाग बंद करण्याचा आदेश निघाला, तेव्हा मात्र ओरड झाली आणि तो स्थगित झाला. म्हणजे ओरडले की ऐकू जाते.

१९५६ साली पुणे केंद्राने युनेस्कोच्या साहाय्याने महाराष्ट्रातल्या सुमारे दीडशे गावांत श्रोतृमंडळे चालवली होती. गावकरी एकत्र बसून ऐकत, चर्चा करीत आणि प्रश्न केंद्राला कळवीत. आपल्या वाङ्मय मंडळाला हे का जमू नये? आठवड्यातून एक तास, कार्यक्रम आपण निवडायचा नाही. त्या वेळी जे लागेल ते ऐकायचे, मग भांडायचे, आणि केंद्राला पत्र टाकायचे. रेडिओ मी दुकानातून आणीन. फक्त दिवाळीआधीचे पंधरा दिवस नाही. तेव्हा आण्णा रात्री बारापर्यंत मशीनवर असतात आणि रेडिओ त्यांना लागतो.