टायरने खाल्लेलं पेट्रोल

हायब्रिड गाडीवाल्याला ओळखायची एक खूण आहे. गाडी लावल्यावर तो लगेच उतरत नाही, आधी स्क्रीनवरचा मायलेजचा आकडा बघतो. आकडा चांगला असेल तर घरच्यांना दाखवतो. घरच्यांनी लक्ष दिलं नाही तर लिफ्टमध्ये जो भेटेल त्याला सांगतो. मीही त्याच पंथातला असल्यामुळे हे निंदा म्हणून लिहीत नाही.

टोयोटा हायराइडर आणि मारुतीची ग्रँड विटारा या जुळ्या गाड्या २०२२ मध्ये बाजारात आल्या. त्यांच्या स्ट्राँग हायब्रिडला एआरएआयने, म्हणजे आपल्या पुण्याच्या वेताळ टेकडीवरच्या संस्थेने, लिटरला २७.९७ किलोमीटरचा दाखला दिला आणि पेट्रोलच्या दराने गांजलेल्या मध्यमवर्गाचे डोळे चमकले. रस्त्यावर प्रत्यक्षात वीस-बावीस मिळतात, पण तेही काही वाईट नाहीत. त्या पहिल्या खेपेच्या गाड्या आता चाळीस-पन्नास हजार किलोमीटर पळून झाल्यात आणि त्यांचे टायर गोटा व्हायला आलेत. त्यामुळे सध्या आमच्या सोसायटीत सकाळच्या चालण्यात शेअर बाजारापेक्षा टायरची चर्चा जास्त असते.

शेजारच्या विंगमधल्या एका काकांनी नुकतेच चारही टायर बदलले. चांगल्या कंपनीचे, बिल घेऊन, अलाइनमेंट-बॅलन्सिंग करून. आठवडाभराने ते भेटले ते तणतणतच. ‘‘बावीस देत होती हो गाडी. आता वीस! टायरवाल्याने भलताच माल गळ्यात मारला.’’

टायरवाल्याने काहीही केलेलं नव्हतं. नवा टायर घातला की मायलेज पडतंच, आणि त्यातला काही भाग तर निव्वळ मोजणीचा आहे. गाडी अंतर मोजते ते चाकाच्या फेऱ्यांवरून. हायराइडरचा टायर २१५/६० आर १७ मापाचा असतो. नवा असताना त्याचा व्यास साधारण ६९० मिलिमीटर भरतो. नक्षीची खोली आठ मिलिमीटरवरून दोनवर आली की व्यास बारा मिलिमीटरने घटतो. चाक लहान झालं म्हणजे तेवढ्याच रस्त्याला फेऱ्या जास्त, आणि फेऱ्या जास्त म्हणजे मीटरवर किलोमीटर जास्त. फरक जवळपास पावणेदोन टक्क्यांचा पडतो. म्हणजे काकांचे जुने बावीस मुळात फुगलेले होते. नव्या टायरवर काहीही न बिघडता तेच एकवीस पूर्णांक सहा दिसले असते.

उरलेली घट मात्र खरी आहे. टायर रस्त्याला टेकतो तिथे दबतो, पुढे सरकला की पुन्हा फुगतो. दबताना रबर जेवढी ऊर्जा घेतं तेवढी फुगताना परत देत नाही, मधली उष्णता होऊन जाते. लांबच्या प्रवासानंतर टायरला हात लावला तर जो चटका बसतो, तो आपण पंपावर पैसे देऊन विकत घेतलेला असतो. नव्या टायरवर रबराचा थर जाड असतो, म्हणून दबणारं रबर जास्त आणि नुकसानही जास्त. थर झिजत जातो तसा टायर हलका फिरू लागतो. थोडक्यात, टायर मायलेज सगळ्यात चांगलं देतो ते तो सगळ्यात धोकादायक झालेला असताना. काकांना हे सांगितल्यावर ते काही वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, ‘‘म्हणजे जुनेच ठेवायला हवे होते की काय?’’

हायब्रिडवाल्याच्या मनात टायरविषयी एवढी काळजी असते, ती अगदीच अनाठायी नाही. साध्या गाडीत ब्रेक दाबला की वेगातली ऊर्जा पॅड तापवण्यात संपते. हायब्रिडमध्ये मोटारच जनरेटर होते आणि त्या ऊर्जेचा बराच भाग बॅटरीत परत जातो. सिग्नलगणिक थांबणाऱ्या पुण्या-मुंबईत हायब्रिड साध्या पेट्रोल गाडीला मागे टाकते, त्याचं एक मोठं कारण हेच आहे. पण टायर जे खातो ते परत मिळवायची सोय कुठल्याच इंजिनिअरला अजून जमलेली नाही. बाकीची गळती बुजवल्यावर हीच गळती डोळ्यांत भरते. एका अर्थी हायब्रिडमध्ये टायरच्या निवडीचा मायलेजवरचा परिणाम साध्या गाडीपेक्षा जास्त जाणवतो.

दुकानदारांना हे बरोबर कळलंय. ‘‘साहेब, हायब्रिड आहे ना? मग ईव्हीचे टायर टाका,’’ असा सल्ला हल्ली मिळतो. तो ऐकायचं कारण नाही. ईव्हीचे टायर खास असतात ते मोठ्या बॅटरीच्या वजनासाठी आणि मोटारीच्या एकदम येणाऱ्या जोरासाठी. हायराइडरच्या हायब्रिडची बॅटरी पाऊण युनिटाच्या आसपासची आहे. नेक्सॉन ईव्हीच्या मोठ्या बॅटरीत पंचेचाळीस युनिटं मावतात. कंपनीने गाडीला जे माप, जो वजनाचा अंक आणि वेगाचं जे अक्षर दिलंय, ते पाळणारा चांगला साधा टायर पुरेसा आहे. ९६ एच असं लिहिलं असेल तर तो टायर ७१० किलो पेलतो आणि ताशी २१० किलोमीटरपर्यंत टिकतो. यापेक्षा वरचा अंक चालेल, खालचा घेऊ नये. आणि ‘दिसायला भारी’ म्हणून रुंद टायर घालण्याचा मोह तर हायब्रिडवाल्याने दुकानाबाहेरच सोडून यावा. गाडी रुबाबदार दिसेल, पण ज्या आकड्यासाठी दोन-अडीच लाख जास्त मोजले तोच जाईल.

आता मायलेजचा मुद्दा रुपयांत बघू. वर्षाला बारा हजार किलोमीटर, लिटरला वीस, पेट्रोल हिशेबाला सोपं म्हणून शंभर रुपये. वर्षाचं पेट्रोल साठ हजारांचं झालं. हलका फिरणारा टायर आणि जड फिरणारा टायर यांत पेट्रोलचा फरक तीन टक्के धरला, आणि हा काही कंजूषपणे धरलेला आकडा नाही, तरी वर्षाला अठराशे रुपये वाचतात. चार वर्षांत सात हजार दोनशे. एवढ्यात या मापाचा जेमतेम एक बरा टायर येईल.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. हायब्रिड असो वा नसो, आपल्याकडे टायर निवडायचा तो पावसासाठी. मायलेज नंतर.

जूनच्या पहिल्या सरीत एक्सप्रेसवेवर ज्याने गाडी चालवली आहे त्याला हे फार समजावून सांगावं लागणार नाही. तेल, धूळ आणि पाणी यांचा राबडा झालेला असतो आणि पुढचा ट्रक अचानक ब्रेक मारतो. ताम्हिणीत किंवा आंबोलीत धुक्यातून उतरताना वळणावर पाण्याचा पाट आडवा येतो. हायब्रिडवाला अशा उतारावर खूश असतो, कारण बॅटरी भरत असते. ब्रेकचे पॅडही फारसे झिजत नाहीत, काही गाड्यांचे तर आश्चर्य वाटावं इतके टिकतात. पण गाडी पॅडने थांबो नाहीतर मोटारीने, रस्त्याला धरून ठेवायचं काम शेवटी तळहाताएवढ्या चार जागांचंच असतं. त्यातही बहुतेक हायब्रिडमध्ये ओढणारी आणि वेग कमी करणारी मोटार पुढच्याच चाकांवर असते, त्यामुळे पुढचे टायर दुहेरी राबतात आणि आधी झिजतात. दर आठ-दहा हजार किलोमीटरला पुढचे मागे, मागचे पुढे करायला सांगतात ते यासाठी. सर्व्हिस सेंटरवाला ‘रोटेशन केलंय’ म्हणतो, तेव्हा खडूची खूण करून ठेवलेली बरी. हा माझा संशयी स्वभाव समजा.

ओल्या रस्त्यावरची पकड आणि हलकं फिरणं ही दोन टोकं मानली जायची. रबर चिकट केलं तर ऊर्जा जास्त खातं, कमी खाणारं केलं तर घसरतं. ही कोंडी बऱ्याच प्रमाणात फुटली ती सिलिकाने. टायरचा काळा रंग ज्या कार्बन ब्लॅकमुळे येतो, त्यातला बराचसा भाग काढून तिथे सिलिका घालायची ही युक्ती मिशेलिनने १९९२ मध्ये ‘एनर्जी’ टायरमधून बाजारात आणली आणि पुढे सगळ्यांनी उचलली. आज चांगला टायर दोन्ही गोष्टी बऱ्यापैकी सांभाळतो. त्याची किंमत मात्र मोजावी लागते, आणि स्वस्तातल्या टायरमध्ये तीन गोष्टींपैकी काहीतरी एक कापलेलं असतं: पकड, मायलेज किंवा आयुष्य. ‘ऐंशी हजार किलोमीटर चालेल’ असं कुणी छातीठोक सांगितलं की मी पहिल्यांदा पावसातली पकड विचारतो. टणक रबर टिकतं, पण पाण्यात सरकतं.

पण ही पकड विचारायची कुणाला? युरोपात टायरवर २०१२ पासून लेबल असतं. ओल्या रस्त्यावरची पकड, मायलेज आणि आवाज यांची श्रेणी गिऱ्हाइकाला दुकानातच दिसते. त्या लेबलच्या माहितीत एक गोष्ट सांगितली जायची ती लक्षात ठेवण्यासारखी आहे. ताशी ८० किलोमीटरवरून थांबताना सगळ्यात वरच्या आणि सगळ्यात खालच्या श्रेणीच्या टायरमध्ये अठरा मीटरपर्यंत फरक पडू शकतो. अठरा मीटर म्हणजे चार गाड्या. तुम्ही थांबलेले असता आणि खालच्या श्रेणीवाला अजून येतच असतो.

आपल्याकडेही केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाने २०२२ मध्ये एआयएस-१४२ हे मानक लागू केलं. त्यात याच तीन गोष्टींची किमान मर्यादा आहे. त्यामुळे अगदीच टाकाऊ माल बाहेर राहतो, पण दोन टायरमधला सरस कोणता हे गिऱ्हाइकाला कळत नाही. फ्रिजवर तारे चिकटवणाऱ्या बीईईने टायरसाठीही तारे आणले, तेही ऐच्छिक. आणि ते तारे मायलेजचे. पावसाला एकही तारा नाही. ज्या देशात चार महिने रस्ते ओले असतात तिथे हे उलटंच झालं.

मग परदेशी चाचण्या बघाव्यात तर तिथे पहिला आलेला टायर इथे मिळेलच असं नाही. जून २०२० पासून टायरच्या आयातीवर परवान्याचं बंधन आलं आहे, आणि नाव तेच असलं तरी देशानुसार आतली रचना वेगळी असू शकते. बाकी मराठी मुलखात टायरची वाण नाही. सिएटचे कारखाने भांडुप, नाशिक आणि बुटीबोरीला, ब्रिजस्टोनचा चाकणला, गुडइयरचा वाळूजला, एमआरएफचा शेजारी गोव्यात उसगावला. २२ सप्टेंबर २०२५ पासून टायरवरचा जीएसटीही अठ्ठावीसवरून अठरा टक्क्यांवर आला, तेव्हा जुन्या कोटेशनवर सौदा करू नका.

दुकानात शिरलात की ब्रँडआधी तारीख बघा. टायरच्या कडेला लांबट चौकटीत चार आकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. ‘२३२५’ म्हणजे २०२५ चा तेविसावा आठवडा. चारही टायर सहा महिन्यांच्या आतले मागायला लाजू नये. दुकानदार ‘‘अहो, गोडाऊनमध्ये होता, वापरलेला नाही,’’ म्हणेल. रबर गोडाऊनमध्येही म्हातारं होतं. कडेची भिंत किती मजबूत आहे हेही विचारा, कारण आपल्या खड्ड्यांत नक्षी झिजण्याआधी भिंतीला फुगा येतो आणि फुगा आलेल्या टायरला पंक्चरवाल्याकडे औषध नसतं. आवाजाचाही विचार करावा. हायब्रिड कमी वेगात इंजिन बंद करून चालते, तेव्हा कानावर येतो तो फक्त टायर.

बजेट कमी असेल आणि दोनच बदलायचे असतील तर नवे मागे घाला. यावर दुकानात वाद होतो, कारण सगळ्यांना नवे पुढे हवे असतात. पण ओल्या वळणावर पुढची चाकं सरकली तर गाडी सरळ जाते आणि वेग कमी केला की बहुधा सावरते. मागची सरकली तर गाडी गरकन फिरते, आणि तिथे भलेभले गोंधळतात. कायद्याने नक्षी १.६ मिलिमीटरपर्यंत चालते. माझ्या मते तीनच्या खाली आलेल्या टायरने पावसाळ्यात घाट उतरू नये, आणि टायर बदलायचा महिना मे हाच.

हवेबद्दल थोडक्यात. नायट्रोजनसाठी जास्तीचे पैसे द्यायची घरगुती गाडीला गरज नाही; साध्या हवेत तो अठ्ठ्याहत्तर टक्के असतोच. उन्हाळ्यात हवा कमी ठेवावी हा समज मात्र जीवघेणा आहे. कमी हवेचा टायर जास्त दबतो, जास्त तापतो आणि फुटतो. समृद्धी महामार्गावर टायर फुटून अपघात झाले, तेव्हा गाड्या वर चढण्याआधीच त्यांचे टायर तपासायला आरटीओच्या पथकांना उभं राहावं लागलं. ड्रायव्हरच्या दाराजवळच्या पट्टीवर लिहिलंय तेवढीच हवा, टायर गार असताना, पंधरा दिवसांतून एकदा. यात पेट्रोलही वाचतं आणि खर्च शून्य.

काकांना मी एवढंच सांगितलं की पहिले तीन-चारशे किलोमीटर जपून चालवा, नव्या रबरावरचा गुळगुळीतपणा जायला तेवढं लागतं. मायलेज काही हजार किलोमीटरनंतर टाकी फुल करून मोजा, स्क्रीनवरून नको. त्यांनी मान हलवली, बिल नीट घडी करून गाडीच्या कागदांत ठेवलं आणि विचारलं, ‘‘मग हा स्क्रीनवरचा आकडा बंद करता येतो का?’’