लॅपटॉप सुरू होत नाही? आधी कारण शोधा



शिष्यवृत्तीचे अर्ज भरण्याचे दिवस आले की आमच्या बार्शीटाकळीत हमखास एक तक्रार कानी येते : 'लॅपटॉप चालूच होत नाही.' मजुरीच्या पैशांतून पै-पै जोडून मुलांसाठी घेतलेले हे जुने यंत्र. ते बंद पडले की घर घाबरते. कोणी ते अकोल्याला नेतो, तिथे 'मदरबोर्ड गेला' असे ऐकतो आणि घरात उसनवारीची भाषा सुरू होते. कधी ते खरेही असते. पण तपासल्याशिवाय मानू नये. दुःख आहे तर त्याला कारण आहे, ही तथागतांची शिकवण आहे. यंत्रालाही हाच नियम लागू पडतो.

प्रथम वीज पाहा. चार्जर दुसऱ्या सॉकेटला लावा, पिन सैल आहे का बघा, पंधरा मिनिटे थांबा. तरी दिवा लागत नसेल तर चार्जर, माऊस, पेनड्राइव्ह सारे काढा, पॉवरचे बटण तीस सेकंद दाबून धरा आणि पुन्हा चार्जर लावून सुरू करा. आत अडकलेली वीज निघून गेल्याने पुष्कळदा एवढ्यानेच काम होते. मात्र बॅटरी फुगलेली दिसली तर चार्जिंग लावूच नका, आगीचा धोका असतो. मे 2024 मध्ये अकोल्याचा पारा 45 अंशांच्या वर गेला होता. अशा उन्हाळ्यात लॅपटॉप गादीवर ठेवून चालवू नये.

पंखा फिरतो, पण पडदा काळाच? टी.व्ही.ला केबलने जोडून पाहा. तिथे चित्र आले तर दोष पडद्यात किंवा त्याच्या वायरीत आहे. सुरू करताना 'बीप बीप' आवाज आला तर किती वेळा आला ते लिहून ठेवा; त्यावरून कारागिराला दोष लवकर कळतो. बरेचदा रॅम सैल झालेली असते.

कंपनीचे चिन्ह दिसून गाडी तिथेच अडते, तेव्हा बहुधा बिघाड प्रोग्रॅमचा असतो. 19 जुलै 2024 रोजी एका चुकीच्या अपडेटमुळे जगभरचे सुमारे 85 लाख संगणक अडकले. आपल्या देशात काही प्रवाशांना विमानाचे पास हाताने लिहून द्यावे लागले. यंत्राचा एकही भाग जळाला नव्हता. सेफ मोडमध्ये जाऊन एक फाईल काढली की संगणक चालू होत असे. विंडोज दोन-तीनदा सुरू होता होता अडले की दुरुस्तीचा पडदा स्वतःहून येतो. त्यात 'स्टार्टअप रिपेअर' निवडा. 'रिसेट'ला हात लावू नका.

दुकानात गेलात तर दोन गोष्टी ठणकावून सांगा : खर्च आधी लिहून द्या, आणि आम्हाला विचारल्याशिवाय फॉरमॅट मारू नका. यंत्र मेले तरी आतले कागद बहुधा जिवंत असतात. जुन्या लॅपटॉपची हार्ड डिस्क काढून दुसऱ्या संगणकाला जोडता येते. डिस्कमधून 'टक टक' आवाज येत असेल तर मात्र पुन्हा पुन्हा सुरू करू नका; आहे तेही जाईल.

1917 साली बाबासाहेब लंडनहून परतले, तेव्हा दुसऱ्या जहाजाने पाठविलेली त्यांची पुस्तके जर्मन पाणबुडीच्या हल्ल्यात समुद्रात बुडाली. त्या काळी दुसरी प्रत ठेवण्याची सोय नव्हती. आज आहे. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, गुणपत्रिका यांची एक प्रत पेनड्राइव्हवर आणि एक डिजिलॉकरमध्ये ठेवा. आज रात्रीच ठेवा.

शिकलेल्या तरुणांना आमची विनंती आहे. रविवारी वंदनेनंतर विहारात एक तास बसा आणि वस्तीतील बंद लॅपटॉप तपासून द्या. एका यंत्रापायी एकाही लेकराचा अर्ज राहता कामा नये.

जयभीम!